मृगाची वाट पाहू नका : भोर-वेल्ह्यातील घरांची पावसाळी तयारी

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतील वाचकांकडून जवळपास तेच प्रश्न येतात. कौले उतरवून पत्रा टाकावा का? मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तर चालेल का? वादळात पत्रे उडाले तर मदत किती मिळते आणि मागायची कुणाकडे? घरामागच्या डोंगराला भेग पडली आहे, ती दाखवायची कुणाला?

आपल्या खोऱ्यांत थंडी घोंगडीवर आणि शेकोटीवर निभावते. घराची खरी परीक्षा असते ती पावसाळ्यात. घाटमाथ्याकडच्या वाड्यांवर आठ-आठ दिवस पावसाची उघडीप नसते, ओढे भरले की रस्ता तुटतो, वीज जाते. त्या दिवसांत दुरुस्ती करता येत नाही. जे करायचे ते आधीच करावे लागते, आणि ते नेमक्या क्रमाने करावे लागते: आधी जीव, मग छप्पर, मग धान्य-सरपण आणि शेवटी कागद. पैसे आणि हात कमी असतील तर हा क्रम सोडू नका.

काम कधी संपवायचे?

मृग लागतो ७-८ जूनला आणि आपल्याकडे जुन्या सवयीने शाकारणी रोहिणीपर्यंत लांबते. हा हिशेब आता धोक्याचा आहे. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मेलाच पुण्यात पोहोचला. २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ ३ जूनला कोकण किनाऱ्यावर आले आणि पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातही घरांचे पत्रे उडाले. म्हणून छपराचे काम १५ मेच्या आत आणि बाकीची तयारी २५ मेच्या आत संपवा.

तुमचे गाव कुठल्या पट्ट्यात आहे, त्यावरून भर कशावर द्यायचा ते ठरवा:

- घाटमाथ्याचा पट्टा (शिरगाव, हिर्डोशी, भुतोंडे, पासली, केळद आणि आसपास): इथे सतत झड आणि ओल असते, दरडीचा धोका असतो आणि रस्ते बंद होतात. भिंती, निचरा आणि बेगमी यांवर भर द्या.
- पूर्वेकडचा पट्टा (नसरापूर, किकवी, सारोळे): इथे पाऊस कमी, पण वळवाचा वारा आणि विजा जास्त. पत्र्याची पकड, झाडांच्या फांद्या आणि वीजजोडणी यांकडे आधी पाहा.

एप्रिल-मेमध्ये वळीव कधीही येतो. त्यामुळे सगळे छप्पर एकदम उघडू नका. एक पाखे पुरे झाल्यावर दुसऱ्याला हात घाला आणि ताडपत्री घरात आणून ठेवल्याशिवाय पहिले कौल काढू नका.

आधी जीव : डोंगर, भिंत आणि वीज

*डोंगर.* ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर आला आणि दीडशेच्या वर माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. महाड तालुका तर वरंध घाट उतरला की लागतोच. या घटनांतून घ्यायचा धडा एकच: दरड सुटल्यावर पळायला वेळ मिळत नाही, म्हणून खुणा दिसताच हलायचे.

मेमध्ये एकदा आणि मोठ्या पावसानंतर प्रत्येक वेळी घराच्या वरच्या उतारावर जाऊन या. या खुणा शोधा:

- जमिनीला नव्याने पडलेली किंवा रुंदावलेली भेग
- कललेली झाडे, विजेचे खांब, कुंपण
- पूर्वी नव्हता तिथे फुटलेला झरा, किंवा नेहमीच्या झऱ्याला अचानक आलेले गढूळ पाणी
- जोराचा पाऊस चालू असताना ओढ्याचे पाणी एकाएकी कमी होणे
- घराची दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, जोत्याला तडा जाणे

यांतली एकही खूण दिसली तर फोटो काढा, पोलीस पाटील आणि तलाठी (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) यांना कळवा आणि तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोहोच घ्या. माळीणनंतर जिल्ह्यातील दरडप्रवण गावांची तपासणी होऊन याद्या झाल्या आहेत. तुमची वाडी त्या यादीत आहे का, हे तहसील कार्यालयात विचारा. पाऊस जोरात असेल तर मात्र अर्जाच्या उत्तराची वाट पाहू नका, त्याच दिवशी मुक्काम हलवा.

अंगण वाढवायला किंवा गोठा बांधायला घरामागचा उतार जेसीबीने उभा कापू नका. उताराचा पायथा गेला की वरची माती पावसात खाली बसते. आधीच कापला असेल तर त्या कडेला दगडी ताल घाला आणि तिच्यात पाणी बाहेर पडायला भोके ठेवा.

*भिंत.* मातीची किंवा दगडमातीची भिंत कोसळण्याआधी बहुधा सांगते: मधोमध फुगवटा येतो, कोपऱ्यात उभी भेग जाते, तळाशी ओल चढून माती गळू लागते. अशी भिंत पावसाआधी उतरवून घ्या. ते जमले नाही तर आतून टेकू द्या आणि संपूर्ण पावसाळाभर तिच्या लगत कुणाचे अंथरूण, पाळणा किंवा जनावराचा खुंटा ठेवू नका. पश्चिमेची भिंत सर्वात जास्त भिजते. म्हणून झोपण्याची जागा पूर्वेकडे हलवा. या बदलाला एक रुपयाही लागत नाही.

*वीज.* ओली भिंत आणि पत्र्याचे छप्पर यांच्यातून प्रवाह सहज उतरतो.

- खांबावरून घरात येणारी वायर पत्र्याला किंवा लोखंडी अँगलला घासत नाही ना, ते पाहा. घासत असेल तर वायरमनला सांगून हलवून घ्या.
- अर्थिंग तपासून घ्या आणि ईएलसीबी बसवा. गळती झाली की तो प्रवाह तोडतो.
- कपडे वाळत घालायला तार लावू नका. नायलॉनची दोरी बांधा.
- तारांवर आलेल्या फांद्या स्वतः तोडू नका. महावितरणला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.
- विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' अॅप मोबाइलवर घ्या. गडगडाट ऐकू येत असताना झाडाखाली थांबू नका.

छप्पर : कौल की पत्रा?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. वानरांची धाड वाढली आणि शाकारणी करणारे हात कमी झाले म्हणून अनेक जण पत्र्याकडे वळतात. निर्णय असा घ्या:

- वासे, रिपा आणि आढे शाबूत असतील तर कौले ठेवा. फुटके कौल एकेक बदलता येते, चुलीचा धूर निघतो आणि घर उन्हाळ्यात तापत नाही.
- लाकूड वाळवीने पोखरले असेल, किंवा घरात फक्त म्हातारी माणसे असून दरवर्षी शाकारणी होणे अशक्य असेल तर पत्रा टाका. पण जड कौले काढून हलका पत्रा चढवला की वारा छप्पर उचलू शकतो, हे लक्षात ठेवून खालची बांधणी भिंतीला किंवा खांबाला पक्की जखडून घ्या.

*कौलारू घर असेल तर:*

1. आधी लाकूड तपासा. वाशाला खिळा टोचून पाहा. तो सहज आत गेला तर वासा बदला.
2. जुनी कौले उतरवून झाडा, त्यांवरचे शेवाळ खरवडा. बोटाने वाजवून पाहा. खणखणीत वाजले नाही तर ते पश्चिमेच्या पाख्यावर लावू नका.
3. आढ्यावरच्या कौलांचे जोड पक्के करा. गळती बहुतेक तिथूनच सुरू होते.
4. गळते तिथेच फुटले असेल असे समजू नका. पाणी वाशावरून वाहत येऊन खाली दुसरीकडे टपकते. त्या जागेपासून वर आढ्यापर्यंत पाहा.

*पत्र्याचे घर असेल तर:*

1. जे-हूक बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर घ्या, खोलगट भागात नाही. प्रत्येक बोल्टखाली डांबरी वायसर हवा.
2. वरचा पत्रा खालच्यावर वीतभर चढवा. बाजूच्या जोडाची उघडी कड पश्चिमेकडे येऊ देऊ नका.
3. वारा पत्रा उचलतो तो कडेपासून. कडेच्या रांगेत बोल्ट दाट घ्या.
4. पत्र्यावर सुटे दगड ठेवून भागवू नका. वादळात पत्र्याआधी दगडच खाली येतात. दोरखंड किंवा तार आडवी टाकून दोन्ही टोकांना जमिनीतील खुंट्यांशी आवळा.
5. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका. खालच्या पाइपांवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावरूनच चाला.

घरकुल अर्धवट असेल तर जास्त सावध राहा. पहिला हप्ता आला म्हणून मेमध्ये जुने घर पाडू नका. हप्ते आणि गवंडी दोन्ही लांबतात आणि पावसाळा उघड्यावर येतो. स्लॅब मेअखेर होणार नसेल तर तो दिवाळीनंतरवर टाका, उघड्या भिंतींचे माथे झाका आणि वर निघालेल्या सळ्यांना सिमेंटचे पाणी लावून ठेवा.

भिंतींची निगा आणि पाण्याची वाट

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. आत शिरलेली ओल सिमेंटमधून बाहेर पडत नाही, आतली माती भुसभुशीत होते आणि एक दिवस गिलाव्यासकट भिंत बसते. माती, भुसा आणि शेण यांचा लेप द्या, किंवा चुन्याचा गिलावा करा.

पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पेंढ्याचा, गवताचा किंवा कारवीचा आडोसा बांधा. जुन्या माणसांची ही पद्धत आजही सर्वात चांगली आहे. ताडपत्री वापरणार असाल तर ती भिंतीला चिकटवू नका. मध्ये हातभर मोकळी जागा ठेवा, म्हणजे हवा खेळेल.

पागोळ्यांचे पाणी जोत्याच्या पायाशी पडून उडते आणि भिंतीचा तळ खाते. पागोळ्या पडतात त्या रेषेत दगड किंवा खडी पसरा. घराच्या वरच्या बाजूला चर खणा आणि त्याचे तोंड ओढ्याकडे काढा, शेजाऱ्याच्या अंगणाकडे नाही. चर दर पावसाळ्यात बुजतो, म्हणून तो मेमध्ये पुन्हा उपसा.

बेगमी : रस्ता बंद झाला तर घर चालेल का?

वरंध घाटातील वाहतूक पावसाळ्यात वारंवार बंद ठेवावी लागते. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव या धरणांच्या फुगवट्याकडच्या वाड्यांचे रस्तेही पाण्यामुळे तुटतात. घाटमाथ्याकडच्या घरांनी महिनाभराची, बाकीच्यांनी निदान पंधरा दिवसांची तजवीज ठेवावी.

- धान्य: तांदूळ, नाचणी, वरई, डाळी, वाल, मीठ, तेल, सुकट. कणग्या आणि पोती जमिनीवर किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. खाली फळ्या घाला. धान्य टिकवायच्या विषारी गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नका. त्यांचा वायू बंद खोलीत माणसांचा जीव घेतो. धान्य कडक उन्हात वाळवून कडुनिंबाचा पाला घालून ठेवा.
- रेशन: पावसाळ्याचे धान्य आगाऊ मिळणार आहे का, हे दुकानदाराला मेमध्येच विचारा. २०२५ मध्ये जून ते ऑगस्टचे धान्य एकत्र उचलण्याची सोय केली होती.
- सरपण: लाकूडफाटा आणि गोवऱ्या मेमध्ये छपराखाली आल्या पाहिजेत. गॅस असेल तर भरलेले सिलिंडर घरात ठेवा. ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नका.
- औषधे: रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट यांची औषधे महिनाभराची आणा. ज्या बाईचे दिवस जुलै-ऑगस्टमध्ये भरत आहेत, तिचा मुक्काम आठवा महिना संपण्याआधी दवाखान्याजवळच्या गावी हलवा.
- पाणी: विहिरीत आणि टाकीत टीसीएल पावडर टाकणे हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे काम आहे. ते वेळेवर होते का, विचारा. आशाताईंकडून क्लोरिनचे द्रावण घ्या. ते नसेल तर पाणी गाळून उकळून प्या.
- उजेड: बॅटरी, मेणबत्त्या, मोबाइलसाठी पॉवर बँक. रेंज घरात येत नसेल तर ती कुठे येते, ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

सर्पदंश झाला तर. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्या भागात आढळतात, आणि पावसात ते सरपणाच्या ढिगात शिरतात. लाकडे भिंतीपासून दूर रचा, जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचा. दंश झाल्यास कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. अवयव न हलवता रुग्णाला थेट भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. मांत्रिकाकडे गेलेला तासच जीव घेतो.

गोठा आणि जनावरे

- घटसर्प आणि फऱ्या या रोगांची लस मेमध्येच टोचून घ्या. शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची लस द्या.
- प्रत्येक जनावराच्या कानाला बिल्ला हवा. १ जून २०२४ पासून राज्यात तो आवश्यक केला आहे आणि बिल्ला नसलेले जनावर आपत्तीत दगावले तर मदत नाकारली जाते. हे अनेकांना नुकसान झाल्यावर कळते. तुम्ही आजच तपासा.
- पेंढ्याची गंजी उंचवट्यावर रचा आणि वरून झाका. गोठ्याचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा.
- पुराच्या किंवा दरडीच्या भीतीने घर सोडावे लागले आणि जनावरे नेता येत नसतील तर दावी सोडून द्या.

कागद : मदत मिळते ती यांच्यावर

पडलेल्या घराला मदत मिळायची तर ते अधिकृत असावे लागते. याचा सोपा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. घर आजोबांच्या नावावर असेल, किंवा वाढवलेली पडवी आणि गोठा नोंदवलेला नसेल, तर पावसाआधी अर्ज देऊन नोंद दुरुस्त करून घ्या.

1. नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती, सातबारा, आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुक एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा.
2. या सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढा आणि पुण्या-मुंबईत असलेल्या घरच्या माणसाला पाठवून ठेवा.
3. घराचे फोटो आताच काढा: चारही बाजू, प्रत्येक खोली, गोठा, जनावरे. पडझडीनंतर आधी घर कसे होते, हे सिद्ध करायला यापेक्षा चांगला पुरावा नाही.
4. बँक खाते आधारशी जोडलेले आणि चालू आहे ना, ते पाहा. मदत थेट खात्यात येते.

नुकसान झालेच तर

1. माणसे सुरक्षित जागी हलवा. अर्धवट पडलेल्या घरात सामान काढायला शिरू नका.
2. आवराआवर करण्याआधी फोटो काढा.
3. त्याच दिवशी तलाठ्यांना आणि पोलीस पाटलांना कळवा. पाठोपाठ लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या.
4. जनावर दगावले असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी पाहण्याआधी पुरू नका. बिल्ल्याचा फोटो घ्या.
5. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. घर, गोठा, भांडी, कपडे, धान्य, जनावरे, सगळे लिहिले आहे का? पडझड किती टक्के लिहिली? पंधरा टक्क्यांपेक्षा कमी लिहिली गेली तर घराच्या अंशतः पडझडीची मदत मिळत नाही, म्हणून हा आकडा नीट पाहा.

२०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेल्या केंद्राच्या निकषांतील मुख्य दर असे होते:

- पूर्ण पडलेले घर: सपाट भागात १,२०,००० रुपये, डोंगरी भागात १,३०,००० रुपये
- अंशतः पडझड: पक्के घर ६,५०० रुपये, कच्चे घर ४,००० रुपये
- झोपडी: ८,००० रुपये, घराला जोडलेला गोठा: ३,००० रुपये
- दुभती गाय किंवा म्हैस: ३७,५०० रुपये, बैल: ३२,००० रुपये, शेळी-मेंढी: ४,००० रुपये
- माणसाचा मृत्यू: वारसांना ४ लाख रुपये

हे दर वेळोवेळी बदलतात. अर्ज करताना तेव्हाचा शासन निर्णय तहसील कार्यालयात पाहायला मागा.

तुमचे हक्क

- पंचनाम्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. कुणी मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.
- पंचनाम्याची प्रत मागा. मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा.
- पंचनामा चुकीचा वाटला तर तहसीलदारांकडे फेरतपासणीचा लेखी अर्ज करा. तिथे दाद लागली नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडे जा.
- तुम्हाला घरातून हलवले तर निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार आणि स्वच्छतेची सोय मिळाली पाहिजे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मध्ये मदतीचे हे किमान निकष सांगितले आहेत. शाळेत किंवा समाजमंदिरात जागा देताना बायकांसाठी स्वतंत्र आडोसा आणि स्वच्छतागृह मागायला संकोच करू नका.

भिंतीवर लिहून ठेवा

- कोणतीही तातडीची मदत: ११२
- रुग्णवाहिका: १०८
- जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष: १०७७
- महावितरण: १९१२
- जनावरांचा फिरता दवाखाना: १९६२

यांखाली तलाठी, पोलीस पाटील, सरपंच, वायरमन आणि आशाताई यांचे क्रमांक लिहा.

एकट्याने न होणारी कामे

ओढ्यावरच्या मोरीतला गाळ, शाळेचे गळके छप्पर, रस्त्यावर झुकलेले झाड, डोंगरातली भेग ही कामे एका घराची नाहीत. ती १ मेच्या ग्रामसभेत मांडा आणि ठरावात लिहून घ्या. त्याच सभेत दोन गोष्टी ठरवा: रात्री घरे सोडावी लागली तर जायचे कुठे, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून न्यायचे कुणी. नावासकट ठरवा.

जे पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत त्यांना एक विनंती. गावच्या जत्रेला आलात की दोन दिवस जास्त राहा. आई-वडिलांच्या घराचे पश्चिमेचे पाखे स्वतः वर चढून पाहा, वरचा चर उपसा, नमुना ८ वर नाव कुणाचे आहे ते वाचा आणि शेजाऱ्याचा नंबर घेऊन जा. जुलैत रेंज गेली आणि घाट बंद झाला की पैसे पाठवून यातले काहीच करता येणार नाही.